सुपात पाखडलेला समुद्र

भडगाव, मंगळवार

चि. रूपालीस,

सुगंधाबाईचे आशीर्वाद. (सुगंधाबाई म्हणजे तुझ्या बापाची आई. दिवाळीनंतर आवाज नाही, म्हणून ओळख करून देते.) रत्नागिरीत वेळेवर जेवतेस ना? इथे गुडघे सोडले तर सगळं ठीक. पत्र शेजारची कामिनी लिहितेय. सांगते तेच लिही म्हटलंय, तरी मध्येच हसते.

तू दिवाळीत विसरून गेलीस तो डबा मी उघडला. आत तीन पुड्या, प्रत्येकीत एक चिठ्ठी आणि ज्वारीच्या दाण्याएवढे समुद्रातले शंख. (एवढं शिकून गोगलगायी वेचतेस, हे मी गावात सांगत नाही.) वाळू लागलेली दिसली, म्हणून सवयीने तिन्ही पुड्या सुपात ओतून पाखडल्या. चिठ्ठ्या उडाल्या, त्या शेळीने खाल्ल्या. तिलाही वाचता येत नाही, मलाही. कामिनी धावत आली, "आजी, हाई काय करं तुनी? शंख कोठला शे ते चिठ्ठीवर लिखेल व्हतं!"

तिने चिठ्ठ्या आधी वाचल्या होत्या, तिला एवढंच आठवलं: चिखल, खडक, शेवाळ. मग तीन दुपारी अंगणात बसून डाळीसारखे निवडले. समुद्र मी पाहिला नाही, पण टाचा बघून बाई काळ्या रानातून आली की गिरणा नदीच्या वाळूतून, हे मला कळतं. तोंडात काळा गाळ अडकलेला, तो चिखलातला. जाड, टोक झिजलेला, तो खडकावर लाटांचा मार खाणारा. पातळ, हिरवट, तो शेवाळात लपणारा. प्रत्येकाला हातात धरून विचारायचे, बाबा, तू कुठला? शंख उत्तर देत नाहीत, पण उठून निघूनही जात नाहीत.

काळजी नको, तुझं काम वाचलं.

अजून दोन्ही वेळ चूल पेटवणारी,
तुझी आजी

ता. क. काम वाचलं होतं, आता नाही. काल संध्याकाळी तिन्ही ढीग अचूक लागले. आज सकाळी कामिनीच्या फोनवर तुझा निरोप आला, "सोमवारी माणूस पाठवते, डबा द्या." मी कशी आहे, हे विचारलेलं नव्हतं. मी तिन्ही ढीग पुन्हा एकत्र कालवले. डबा गेल्यावर तू कशाला येशील?

आणखी एक. त्या माणसाला दार उघडणार नाही. तूच ये, दोघी मिळून निवडू. रजा मिळायला आठ दिवस लागणार असतील, तर तोवर फणसपोळी पाठव. आठ दिवस पुरेल एवढीच.