राजघाटचे मासे आणि माझी कणीक

१ जानेवारी १९३३, रविवार
नवीन वर्ष. दोन निश्चय. एक, तपकीर बंद. दोन, संक्रांतीच्या आत राजघाटच्या माशांना माझ्या हातच्या कणकेच्या गोळ्या खाऊ घालणे.

नवस माझा नाही, सासूबाईंचा. मी शाळेत कायम झालो की जावई स्वतः कणीक मळून, रामनाम घेत गोळ्या वळून तापीला घालेल, असं त्या परस्पर बोलून बसल्या. मी कायम झालो. दत्तजयंतीला गोळ्या घातल्या. एका माशाने तोंड लावलं तर शपथ. तेव्हापासून आमची मंगला बहादरपुरास आईकडे. नवस फिटल्याशिवाय पोर धाडणार नाही म्हणे, आणि संक्रांत हुकली तर आखाजी करूनच येईल. आखाजी म्हणजे थेट वैशाख. जावयाचं मन चोख नाही, असंही सासूबाई म्हणाल्या. मनाचा काय संबंध? हा सायन्सचा प्रश्न आहे, आणि मी नेचर स्टडीचा मास्तर आहे.

दुपारी ३. डबी फेकायला निघालो होतो. चांदीची आहे. नुसती खिशात ठेवली.

३ जानेवारी
लायब्ररीतून माशांवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. लगेच उलगडा. ज्या माशाचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरवर खातो. ज्याचं खाली वळलेलं, तो तळाशी. राजघाटचे मासे मिशाळ, तोंड खाली. आणि मी हलक्या हाताने वरच्यावर टाकत बसलो. चूक माझी नाही. मासे तळाशी खातात हे सासूबाईंनी सांगायला हवं होतं. उद्या जड गोळ्या.
वाचताना तरतरी हवी म्हणून एक चिमूट ओढली. वाचनापुरती चालेल असं ठरवलं.

४ जानेवारी
पहाटे कणीक मळली. मळता मळता दोनदा डबी उघडली. कणकेला जरा बदामी रंग आला, गहू चांगला दिसतो. गोळ्या सरळ तळाला गेल्या. मासे आले, मिशा लावल्या, निघून गेले. पुस्तक म्हणतं मिशांना चव कळते. इथल्या माशांना चव म्हणून नाही.

६ जानेवारी, शुक्रवार
ड्रॉइंगचे वामनराव बरोबर होते. बसल्या बसल्या त्यांनी माझ्याच पिठातलं मूठभर मळलं आणि गोळ्या टाकल्या. मासे एकमेकांवर पडले. माझ्या गोळ्या तिथल्या तिथे. वामनराव म्हणाले की मास्तर, हात धुऊन बघा. जसा काही मी हात धूत नाही! धुतले होते. नंतर एकदाच डबी काढली.
खरं कारण कोट. त्यांचा निळा, माझा काळा. माशाला पापण्या नसतात, डोळे सदा उघडे, काळा रंग खुपत असणार. कोट उसना मागितला.

७ जानेवारी
निळा कोट. मासे नाहीत. कोटाच्या खिशात तपकीर सांडली म्हणून वामनराव बोलत नाहीत. माणसं फार कोत्या मनाची.

८ जानेवारी, रविवार
सापडलं! माशाच्या कुशीवरून एक रेघ जाते, तिने त्याला पाण्यातला जरासा हादराही कळतो. म्हणजे माझे जोडे. अनवाणी, चवड्यांवर उतरलो. पायरीवर शेवाळ. कमरेपर्यंत तापीत. डबी कोरडी राहिली, देवाची कृपा.

१० जानेवारी
वर्गात मासा घेतला. श्वास कल्ल्यांनी. नाकपुड्या श्वासासाठी नाहीत, निव्वळ वासासाठी, आणि वास त्याला फार दुरून येतो. नाक असून बिचाऱ्याला तपकिरीचं सुख नाही, असा विनोद केला. पोरं माझ्या बोटांकडे बघून हसत होती. विषय समजलेला दिसतो.
माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, म्हणून तो हवा तिथे तरंगत राहतो. त्यावरून सुचलं. गोळीत मुरमुरे घालायचे.

११ जानेवारी
तरंगल्या. तरंगत पार पलीकडच्या काठाला, जैनाबादच्या बाजूला गेल्या, वाटेत चांगल्या धुऊन निघाल्या, आणि तिकडे माशांनी खाल्ल्या. प्रत्यक्ष पाहिलं. बहादरपुरास निरोप धाडला, नवस फिटला.
संध्याकाळी उलट निरोप. सासूबाई म्हणतात, हातून पडल्याबरोबर आमच्या डोळ्यांदेखत खाल्ल्या तरच खरं, संक्रांतीला घाटावर येतो. मंगलाचा निरोप वेगळा, येताना डबी घरी ठेवून या. दोन गोष्टींची गल्लत करायची हिची जुनी सवय आहे.

१३ जानेवारी
घर खायला उठतं. तीन शिंका झाल्या की मंगला स्वयंपाकघरातून पुरे म्हणायची. फार राग यायचा. आता कितीही शिंका, कोणी विचारत नाही. तिला उद्या घरी आणायचीच. तपकीर आजपासून एकदम बंद. बस.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत
पहाटे. कणकेत तिळगूळ घातला. डबी घरी ठेवून निघालो.
निम्म्या वाटेत हात कापायला लागले. कापऱ्या हाताने गोळी कशी वळणार? परत जाऊन डबी आणली. एकच चिमूट, सणाची.
दुपारी. घाटावर गर्दी. सासूबाई, मंगला दोघी आल्या होत्या. पहिली गोळी टाकली. एका मोठ्या माशाने झडप घालून तोंडात घेतली. सासूबाईंनी हात जोडले. मंगला हसली. ती इतकी छान हसते हे विसरलोच होतो. तेवढ्यात माशाने गोळी थुंकली. दुसऱ्याने घेतली, थुंकली. तिसऱ्यानेही.
मंगलाने चारचौघांत माझा हात धरून हुंगला. म्हणाली, माशांना निदान थुंकता येतं, मी सहा वर्षं गिळतेय. सासूबाई म्हणाल्या, चल पोरी. तिळगूळ तिने माझ्या हातावर दिला नाही. पायरीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसली.

१५ जानेवारी, रविवार
पुस्तक परत करण्याआधी चाळलं. मासा घास तोंडात घोळवून आधी पारखतो, पटला तरच घशातल्या दातांनी चावतो, नाहीतर बाहेर टाकतो. हे पान मी वाचलेलं असावं. माझी तपकिरी बोटं उमटली आहेत.
उद्यापासून तपकीर बंद. सोमवार चांगला वार आहे. डबीतली वाया नको, म्हणून आज संपवतो आहे.
तीन शिंका आल्या. जरा वेळ थांबून ऐकलं. स्वयंपाकघरातून कोणी पुरे म्हणालं नाही. मग चौथी चिमूट घेतली.