शेवटच्या प्रवेशातला फोटो

अहो,

तुमचं पत्र मिळालं. आता फिरती झेपत नाही, घरी येऊ का, असं विचारलंत. अडचण एवढीच, की इथे तुम्ही वारला आहात.

आपल्या नाटकवाल्या गल्लीला हल्ली वारसा म्हणतात. जुन्या नटांच्या घरांवर पाट्या लावतात, पण फक्त गेलेल्यांच्या. समितीचे गृहस्थ चौकशीला आले, तेव्हा समोर भिंतीवर तुमचा फोटो होता, त्या गाजलेल्या शेवटच्या प्रवेशातला. पांढरी चादर, मिटलेले डोळे. गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "फार शांतपणे गेले हो." मरण्याचं काम तुम्हाला नेहमीच छान जमायचं.

"आई, सांग ना त्यांना," लेक कुजबुजली.

"काय सांगू? कुठे असतात, कुणाकडे असतात, तेही सांगू?" म्हणत मी चहा टाकायला गेले.

आता आपल्या घरावरही पाटी आहे, आणि दर रविवारी पर्यटकांचा घोळका खाली थांबतो. गाईड सांगतो, "पत्नीने अखेरपर्यंत साथ दिली." सगळे वर बघतात. मी कपडे वाळत घालता घालता जरा तसा चेहरा करते. तुमच्या संसारात एवढा अभिनय शिकलेच.

परवा एका म्हाताऱ्या बाईने पाटीखाली फुलं ठेवली. मला म्हणाली, "चांगला नवरा मिळाला हो तुम्हाला." मी मान डोलावली, आणि या वेळी तो अभिनय नव्हता.

म्हणून हे पत्र टाकत नाही. त्या नवऱ्याची आत्ता कुठे सवय होतेय. तुम्ही आलात, तर तोही जाईल.

पाटीवरच्या नटाची,
पत्नी