शेवटच्या टेकाडापर्यंत चाचणी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गाडी दारात आली! बावीस वर्षांची, दुधी रंगाची, चारही चाकांना जोर असलेली. मागचं उजवं टायर वेगळ्याच नक्षीचं, आधीच्या मालकाने मिळेल ते बसवलेलं. पुढच्या डाव्याला बोटभर काप. स्प्रिंगचे पाटे दमलेत. आत बकऱ्यांचा वास. पण इंजिन! बॉनेट उघडून अर्धा तास नुसता ऐकत उभा राहिलो.

शेजारी "मुबारक" म्हणून गेले. मी आत जाऊन कॉफी केली आणि दोन पेले काढले. मग एक परत फडताळात ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली. काय काय करायचं ते आज ऑफिसात बसून लिहिलं. पाणीखात्याच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर! पाटे नवे, चार बोटं उंच. टायर रुंद, चारही एकसारखे. पेट्रोलची जादा टाकी. पुढे विंच, म्हणजे रुतलो तरी स्वतःच स्वतःला ओढून काढता येईल. टपावर कॅरियर. हे सगळं झालं की मगच नुवैराला माहेरून आणायला जायचं.

लग्नाच्या दिवशी तिच्या बापाच्या तळासमोर माझी गाडी रुतली होती. नवरदेवाची गाडी! अख्खं वऱ्हाड बघत होतं. तिच्या बापाने, हारिबकाकांनी, उंट आणून दोर बांधला आणि मला तळावर ओढत नेलं. नऊ वर्षं झाली. अजून ईदला भेटलो की विचारतात, "काय रे खजुरीच्या बागेतल्या पोरा, आज चालत आलास की उंटाने आणलं?" आम्ही गावातली माणसं, वाळूच्या कडेला राहतो, आत नाही. ते विसरू देत नाहीत.

या वेळी दोर नको. आत शिरायचं ते झोकात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शंबेच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्याने खालून बघितलं, वरून बघितलं आणि दाढी खाजवली.

"साहेब, हिला काय लढाईवर न्यायचंय?"

"सासरी."

"मग बरोबर आहे. चिलखत पण बसवू."

हसलो खरा. मग परत येताना सहज वाळूत वळवली. सहज कसली — नवी गाडी आहे, चाचणी नको का घ्यायला? रुतू नये म्हणून टायरची हवा कमी केली, पहिलं टेकाड चढली, दुसरं चढली. शेवटच्या टेकाडावर पोचलो तर पलीकडे धूर. हारिबकाकांचा तळ. तीन तंबू, पाण्याची टाकी, दोरीवर कपडे. एक हिरवा होता. तिचा तो हिरवा रंग मी कुठेही ओळखेन.

इंजिन बंद करून बसलो. मग वळवली. पाटे फारच दमलेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा चाचणी. शेवटच्या टेकाडापर्यंत. आज हिरवा कपडा नव्हता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खरं काय ते या वहीत तरी लिहावं. दुसरं कोण वाचणार आहे.

समहा तिची होती. बापाने लग्नात दिलेली उंटीण. घरामागच्या कुंपणात असायची. नुवैरा रोज सकाळी तिच्या मानेला कपाळ टेकवायची, मग दूध काढायची. मी ऑगस्टमध्ये ती विकली. न विचारता. घेणारा चांगला भाव देत होता, आणि मला वाटलं, गाडी घेईन, दर गुरुवारी हिला माहेरी नेईन, खूश होईल! ती उठली तेव्हा कुंपणात नुसता दोर होता. तोवर ट्रक सरहद्दीपलीकडे गेला होता.

रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर कदाचित मीच दिली असती." आणि संध्याकाळी भावाच्या पिकअपमध्ये बसून गेली. दोन महिने होतील. घरात तिच्या केसांच्या तेलाचा वास अजून उशीला आहे. मी ती उशी धूत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटच्या टेकाडापर्यंत. धूर होता. अर्धा तास थांबलो. आत गेलो असतो तर काय झालं असतं? रीत मला माहीत आहे. बसायचं, कॉफीचा पेला हातात आला की न पिता खाली ठेवायचा. यजमान म्हणतो, "प्या". आपण म्हणायचं, "मागितलेलं मिळेपर्यंत नाही." तो "दिलं" म्हणाला की प्यायचं. सोपं आहे. फक्त तिथपर्यंत गाडी रुतता कामा नये.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काल गेलो, आज गेलो. लिहिण्यासारखं काही नाही. तिला बघितलं! लांबून, पाठमोरी, बकऱ्यांना हाकत होती. चालण्यावरून ओळखलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी गिअर टाकला.

१ नोव्हेंबर, शनिवार

काल आणि आज, दोन्ही दिवस. आता पुरे. अशा दमलेल्या पाट्यांवर आणि दोन जातींच्या टायरवर किती दिवस फिरायचं? मंगळवारी शंबेकडे टाकतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवे टायर! रुंद, काळेभोर, चारही एका नक्षीचे. शंबेने जुने बकऱ्यांवाल्या कुणाला देऊन टाकले, त्यात ते चारा घालतात. गाडी अजून आठ-दहा दिवस त्याच्याकडेच राहणार. जादा टाकीसाठी मागची बाकं काढावी लागतील म्हणाला.

"मग सासरहून माणसं आणायची कुठे बसवून, साहेब?"

"एकच माणूस आहे."

तो नुसता पाना पुसत बसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विंच बसला. पाटे बसले. गाडी इतकी उंच झालीय की मीच पायरी शोधतो. आणखी दिवे लावायचेत, कॅरियर रंगवायचाय. घाई करून उपयोग नाही, एकदाच काय ते नीट व्हायला हवं.

घरी आलो की भिंतींशी बोलतो. काल मोठ्याने विचारलं, "मीठ कुठे ठेवलंस?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

गाडी आणायला गेलो तर गॅरेजमध्ये मुसब्बह. नुवैराचा धाकटा भाऊ, पिकअपचं पंक्चर काढायला आलेला. सलाम झाला, नाकाला नाक लावलं, घरच्यांची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "भावा, यायचं का थांबवलंस?"

"मी कुठे आलो?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

"सुहैल, आम्ही कोण आहोत? कुणाची बकरी कुठे लंगडली ते वाळूवर बघून सांगणारी माणसं! पुढच्या डाव्या चाकाला काप, मागचं उजवं परक्या नक्षीचं. सात वेळा आलास. टेकाडावर थांबलास, गाडीतून उतरलास, येरझाऱ्या घातल्यास, उजव्या टाचेवर जोर देऊन उभा राहिलास आणि गेलास. पहिला माग बाबांनी बघितला. मला म्हणाले, पुसू नको, त्याला कळू देऊ नको. इथवर आलाय तर पुढे येईल."

"आणि ती?"

"ती रोज सकाळी टेकाडावर जायची. बकऱ्यांचं निमित्त. नवा माग आहे का बघायला. तीन आठवडे झाले, तुझं चाक नाही. परवा दोन रुंद टायरचे पट्टे दिसले तर धावत गेली. तेलकंपनीचा ट्रक होता." तो थांबला. "काल बाबांना म्हणाली, तो आता येणार नाही, इब्रा शहरात काझीकडे चला, मला फारकत हवी. रविवारी जाणार आहोत."

माझी नवी गाडी समोर उभी होती. चकचकीत. शंबे मागून म्हणाला, "साहेब, दिवे उद्या लावू की..." मी किल्ली घेतली.

वेडा मी! जगात ती एकच बाई रोज माझी चाकं वाळूवर शोधत होती, आणि मी तीच काढून टाकली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो. सकाळीच. पहिलं टेकाड, दुसरं, शेवटच्यावर थांबलोच नाही, सरळ खाली. आणि तळापासून दोनशे पावलांवर रुतलो. गाडीच्या दारापर्यंत वाळू! घाईत टायरची हवाच कमी केली नव्हती. शेंबडं पोर विसरत नाही ते विसरलो. वर कॅरियर, पुढे विंच, मागे भरलेली टाकी, एवढं ओझं. विंचचा दोर अडकवायला चहूकडे एक झुडूप नाही.

माणसं तंबूबाहेर आली. हारिबकाका कमरेवर हात ठेवून बघत होते. मी चपला गाडीतच ठेवल्या आणि अनवाणी चालत गेलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चटईवर बसलो. खजूर आले. मुसब्बहने कॉफी ओतली. मी पेला खाली ठेवला.

"पी, पोरा."

"मागितलेलं मिळेपर्यंत नाही, काका."

हारिबकाका तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. तीन महिन्यांनी.

"त्याला सांगा, कॉफी बाबांची आहे. उत्तर बाबांचं नाही."

हारिबकाकांनी तोंड मिटलं. दाढीवरून हात फिरवला. "ऐकलंस?"

मी पडद्याकडे तोंड केलं. काय काय ठरवून ठेवलं होतं, सगळं गेलं. म्हणालो, "नुवैरा, मी गाडी तयार करत होतो. तुझ्यासाठी."

"समहा विकलीस तीही माझ्यासाठीच."

मुसब्बहने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"तू आलाच नसतास," ती म्हणाली, "तर मी म्हटलं असतं, वाळूला घाबरतो, मला माहीत आहे. पण तू सात वेळा आलास. पहिल्या वेळी मी बाबांपासून हसू लपवलं. दुसऱ्या वेळी केस विंचरून बसले. चौथ्या वेळी भावजया गप्प व्हायला लागल्या. सातव्या वेळी मला माझी लाज वाटली. माझ्या हाकेच्या अंतरावर येऊन वळायचास! मी काय तुझी अजून न झालेली दुरुस्ती आहे?"

"चुकलो," म्हणालो. पडदा हलला नाही. पेला तसाच गार झाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रात्र पाहुण्यांच्या तंबूत. ती समोर आली नाही. तिचा आवाज मात्र ऐकला, दिवसभर. बकऱ्यांना रागावताना, पीठ मागताना, भाचीला "नाक पूस आधी" म्हणताना. इतक्या साध्या गोष्टी. घरी नऊ वर्षं ऐकल्या आणि कान दिला नाही. आज एकेका शब्दाकडे जीव ओढत होता.

दुपारी मुसब्बह दोर घेऊन आला. "चल, गाडी काढू."

"नको."

"अरे, उंट नाही, पिकअपला बांधतो. लाज नको वाटू देऊस."

"लाज नाही रे. ओढून काढली की मला जावं लागेल."

तो दोर तिथेच टाकून निघून गेला. थोड्या वेळाने हारिबकाका येऊन शेजारी बसले. रुतलेल्या गाडीकडे बघत म्हणाले, "चांगली उंच केलीस." उठताना खांद्यावर हात ठेवला. "उद्या मला इब्राला जायचंय. ती म्हणेल तसं. मुलीला मी नाही म्हणत नाही."

तीन दिवस पाहुण्याला कोणी 'कधी निघणार' विचारत नाही. माझा उद्या तिसरा.

२३ नोव्हेंबर, रविवार

उजाडताना इंजिनचा आवाज. धावलो. गाडी बाहेर निघालेली! हवा सोडून, फावड्याने चारही चाकं मोकळी करून. एकटीने. स्टिअरिंगवर ती. "समहाच्या पैशाची आहे ना? म्हणजे माझी. बसायचं तर त्या बाजूने बस." बसलो. कुठे ते विचारायची छाती झाली नाही. त्यानंतर ती एक शब्द बोललेली नाही, म्हणून हे लिहितोय; अक्षर हलतंय. पुढे पिकअपमध्ये हारिबकाका. डांबरी रस्ता आला. डावीकडे इब्रा, उजवीकडे घर. पिकअप डावीकडे वळली.

नुवैरा उजवीकडे.