नाव न लिहिता विचारलेला प्रश्न

भेस्तान, सुरत

प्रिय आई,

तुझ्या सुवार्ताचा प्रेमाचा सलाम. आम्ही दोघं नवरा-बायको सुखरूप आहोत. साड्यांना टिकल्या लावायचं काम भरपूर मिळतं. नितीनचा खोकलाही कमी आहे, आता फक्त पहाटे येतो. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहिते. पप्पा साध्या माणसांसाठी बायबलचा अर्थ इंटरनेटवर फुकट लिहायचे ना, तो मी अजून रोज वाचते. वाचताना त्यांचा आवाज ऐकू येतो. परवा तर मी मागे वळून 'ओ' दिली. घरात कोणी नव्हतं.

आई, ते आजारी असताना मी तिथेच, नाव-गाव न लिहिता, एक प्रश्न विचारला होता. "बाप आजारी आहे आणि कामामुळे मुलगी जात नाही. हे पाप आहे का?"

त्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं. "बाप रागावलेला नाही. मुलीने जीव जाळू नये. सकाळच्या गाडीने निघाली, तर जेवायच्या वेळेला नवापूरला पोचेल."

आपलं नवापूर मी लिहिलंच नव्हतं.

त्यांनी ओळखलं म्हणून मला लाज वाटली. हातातल्या साड्या देऊन रविवारी निघू, असं ठरवलं. शनिवारी तुझा फोन आला.

ते उत्तर अजून तिथे आहे. कुणीही वाचू शकतं. मी रोज वाचते.

एक विचारते. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. त्या आठवड्यात पप्पांनी तुला माझं ताट वाढायला सांगितलं होतं का?

तुझीच,
सुवार्ता