जुन्या घरातली खुर्ची

सोमवार
चिमणे, तू दिलेल्या वहीत लिहायला बसले बाई एकदाची! चौथी शिकलेली तुझी आजी, अक्षराला हसू नकोस. रविवारी येऊन वाचणार आहेस ना?

तर मला नोकरी लागली. या वयात! लोककलेच्या संग्रहालयात जुन्या काळचं घर मांडलंय. तिथे खुर्चीत बसून गोधडी शिवायची नि येणाऱ्यांशी गप्पा मारायच्या. बोलायचा पगार मिळतो म्हटल्यावर तुझे आजोबा पोट धरून हसले असते. ते गेल्यापासून भिंतींशीच बोलत होते मी.

चिठ्ठीवाले साहेब इथल्या प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी बांधतात. म्हणाले, बंद होताना आत राहील ते संग्रहालयाचं, मग ते दाराबाहेर जात नाही. मी म्हटलं, मग तुमचा डबा सांभाळा हो! हसले नाहीत मेले.

मंगळवार
काय गर्दी! एका बाईला तुझ्या आईच्या जन्माची गोष्ट सांगितली, तिचे डोळे भरले. किती दिवसांनी कुणीतरी ऐकलं माझं. नादात माझा पाण्याचा पेला तिथेच राहिला.

बुधवार
पेल्याला चिठ्ठी. ४१२. पाटीवर ‘आजीचा पेला’. परत मागितला तर साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. राहू दे, घरी तरी कोण पाणी विचारतंय मला. निघताना शाल राहिली.

गुरुवार
शाल ४१३. लोक आज कमी बोलले. आधी पाटी वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

शुक्रवार
दुपारी खुर्चीतच डोळा लागतोय. पाच मिनिटं पडते जरा—

शनिवार
जाग आली ती सकाळच्या घंटेनं. मनगटाला दोरा. ४१४.
पाय उचलत नाहीत. बोलते, पण कुणी वळत नाही. एकीनं गालाला बोट लावलं, म्हणाली, अगदी खरी वाटते.
हात तेवढा चालतो. वहीपुरता.

रविवार
चिमणे, आलीस! आईला विचारतेयस, आजी कुठे गेली असेल. म्हणतेयस, ही शाल आजीसारखीच आहे—
वही मांडीवर उघडी आहे. वाच. वाचलीस की कळेल तुला—
वाकलीस. हात पुढे—
साहेब म्हणाले, वस्तूंना हात लावायचा नाही. वहीलाही चिठ्ठी आहे. ४१५.
हात मागे घेतलास. शहाणी पोर. मीच शिकवलं होतं, दुसऱ्याच्या वस्तूला—
जाऊ नकोस गं. बघ ना, पेन्सिल हलतेय, मी अजून