फाजिगीची शिवी आणि माझी इतर मालमत्ता

शाळेच्या चिंचेला टांगलेलं लोखंडी चाक मास्तर दगडानं वाजवायचे. ठण्ण... तो नाद नदी ओलांडून पलीकडच्या शेतांत विरायचा. सत्तर वर्षं झाली, अजून दुपारी डोळा लागला की ऐकू येतो. बाकी बुद्धी शाबूत आहे. म्हणून मी, मोलोबाली कुलिबाली, वय एक्क्याऐंशी, राहणार सेगू, निवृत्त पोलीस आयुक्त आणि अकरा महिने या देशाचा पंतप्रधान, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

एक. नदीकाठचं मातीचं घर मुलगी असितान हिला. अंगणातला आंबा तोडू नये. शाळेतल्या कविता मी त्याच्याखाली इतक्यांदा म्हटल्या आहेत, की आता त्यालाही पाठ असतील.

दोन. चहाची किटली पहारेकरी ज़ान याला. माझं पद गेल्यावर भेटायला आलेला तो एकटाच.

तीन. ज्या मंत्र्यानं सकाळी मला मिठी मारली आणि दुपारी माझी खुर्ची घेतली, त्याला मंत्रिमंडळाचा फोटो द्यावा. त्यात तो माझ्या मागे उभा आहे. बघत बसू दे.

चार. माझी पोलिसी शिट्टी फाजिगी केइता, शिंपी, याला. कारण नोंदवणं भाग आहे.

कुलिबाली आणि केइता ही आमच्याकडे चेष्टेची घराणी. केइतानं भर बाजारात आम्हाला चवळीखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं. आम्ही हसून दुप्पट परत करावं. राग धरायचा नाही, हा पूर्वजांचा करार. फाजिगी माझ्याच बाकावरचा. मी कविता म्हणायला उभा राहिलो की हळूच म्हणायचा, "चवळी शिजली रे!" पुढे माझा पहिला पोलिसी गणवेशही त्यानंच शिवला.

मी आयुक्त झालो, त्या दिवशीच्या संचलनात परदेशी पाहुण्यांसमोर तो ओरडला, "ए गुलामा, बटणं मी लावली म्हणून पोट आत राहिलंय तुझं!"

मैदान हसलं. मीही हसायचं होतं. मी शिट्टी वाजवली, शिपाई बोलावले आणि गणवेशाच्या अपमानाबद्दल त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं.

सुटताना तो वाकून म्हणाला, "येतो, साहेब. आपली कृपा."

तेव्हापासून चाळीस वर्षं 'आपण' आणि 'साहेब'. पंतप्रधान झालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांनी सलाम व्हायचे. मी गाडीच्या काचेतून त्या गर्दीत एक शिवी शोधत असे.

पाच. चेष्टेच्या घराण्यातलं कुणी जनाज्याला आडवं येतं, मेलेल्याची टर उडवतं, रडणाऱ्यांना हसवतं, मगच वाट मोकळी होते. माझ्या वाटेत फाजिगी यावा अशी इच्छा आहे. मात्र त्याला बोलावू नये. हुकूम मी आयुष्यभर पुष्कळ दिले. तो आला नाही तर दुसरा केइता शोधू नये. मला मुकाट्यानं न्यावं.

हे वाचून, समजून सही केली.

मोलोबाली कुलिबाली
सेगू, दिनांक ३ मार्च २००९

साक्षीदार:
१. गाऊसू तांगारा, निवृत्त शिक्षक
२.

दुसरा साक्षीदार आणायला असितान गेली आहे. कुणाला आणते, ते मात्र सांगितलं नाही तिनं. आत्ताच फाटक वाजलं. काठी टेकत कुणीतरी येतंय, दारात थांबलंय, धापा टाकतंय.

"सरक, चवळीखाऊ! मेल्यावर तुझ्याशी बोलायला मी काय रिकामा आहे? आत्ताच ऐकून घे!"