बॅट हातात घेतलेला तोच माणूस

अण्णा,

गेल्या रविवारी मी माझ्या लेकीवर ओरडले. तिने वाईट काहीच म्हटलं नव्हतं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणायचं माझं ऑफिसातलं काम या वसंतात संपलं. आता ते कॉम्प्युटर करतो, आणि माझ्यापेक्षा फार वाईट करत नाही, हे जास्त झोंबतं. लेक म्हणाली, "आई, दाइजोबू, काही बिघडत नाही. दुसरं काहीतरी शीक ना. एवढी हुशार आहेस." मी म्हटलं, "मला धडे देऊ नकोस." तोंडातून शब्द गेले आणि मग लक्षात आलं, हे तुमचे. इथे जपानात, ओजिमाच्या आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला ऐकवलेले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. चहा टाकते आणि प्यायचा विसरते, वाळत घातलेले कपडे ओलेच आत आणते. म्हणून लिहायला बसले आहे, बघू किती वेळ बसवतं ते.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि छापखान्यातलं तुमचं काम गेलं होतं. जन्मभर तुम्ही लग्नपत्रिका, कॅलेंडरं, देवांच्या तसबिरी छापल्यात. मालकाच्या मुलाने मशीन भंगारात काढली, कॉम्प्युटर आणला आणि तुमच्या हातात शाल-नारळ दिला. मी हट्टाने तुम्हाला इकडे आणलं. हे सकाळीच कामावर जायचे, मग सरकारी वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत दिवसभर तुम्ही आणि मी. जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा यांची वाटणी तुम्ही तासभर मन लावून करत बसायचात. वाटायचं, या माणसाला कशात तरी गुंतवलंच पाहिजे. बाजारपेठेत जुन्या खेळण्यांचं एक दुकान होतं, तिथे मी तुम्हाला नेलं ते पंखा चांगला होता म्हणून. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

तिथे ती कार्डं होती. मेंको म्हणतात, जाड पुठ्ठ्याची, युद्धानंतरच्या वर्षांतली, वर बेसबॉलच्या खेळाडूंची रंगीत चित्रं. तुम्हाला बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पण एक कार्ड तुम्ही डोळ्यांजवळ नेलंत आणि हसलात. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. "रंग सरकलाय बघ. ओठांचा लाल हनुवटीवर आलाय. घाई झाली असणार, सणाचे दिवस असतील." दुकानदार आजोबांना मी ते सांगितलं, तर त्यांनी आतून असल्याच बिघडलेल्या कार्डांचा डबा आणून तुमच्यापुढे ठेवला. ते कसं खेळायचं हे दाखवायला त्यांनी एक कार्ड जमिनीवर सपकन आपटलं, पडलेलं दुसरं उलटवायला. तुम्ही झटकन वाकून ते उचललंत, कपाळाला लावलंत आणि काउंटरवर ठेवलंत. छापलेला कागद पायाशी! आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितल्यावर त्यांनीही कार्ड उचलून कपाळाला लावलं आणि लाजून हसले. म्हणाले, "ज्याचे कोपरे झिजलेत तो मुलांचा लाडका खेळाडू. कोरं राहिलेलं कार्ड कुणी खेळवलंच नाही."

मग रोज दुपारी तेच. तुम्ही जेवण उरकून चपला घालून दारात उभे. एका खेळाडूवर तुमचा जीव जडला. पिचर होता, आपला गोलंदाज म्हणा. हात डोक्यावर, एक पाय हवेत, आणि टोपीचा निळा रंग हटकून आकाशात गेलेला. त्याची वर्षावर्षाची कार्डं तुम्ही जमवत होतात. एक दिवस डब्यातून त्याचंच एक कार्ड निघालं आणि त्यात त्याच्या हातात बॅट! तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसा काही छापखान्यात घोटाळा माझ्याच हातून झाला. "चित्राचा ब्लॉक बदलला आहे. नाव याचं आणि चित्र भलत्याच माणसाचं. ही अक्षरं बघ, या आधीच्या कार्डावर हीच आहेत." जपानी वाचता येत नसताना तुम्ही अक्षरांच्या वळणावरून नाव ओळखलं होतंत. आजोबा मान हलवत राहिले. म्हणाले, "ओतोसान, बाबा, छपाई बरोबर आहे. माणूस तोच." त्या काळी चांगला गोलंदाज मिळाला की त्याला एक दिवसाआड उभं करायचे. त्याचा खांदा काही वर्षांत कामातून गेला. हात डोक्याच्या वर जाईना. सगळ्यांनी त्याला संपलेला धरला होता, तर पुढच्या हंगामात तो बॅट घेऊन आला आणि मग कितीतरी वर्षं खेळला.

मला काय आनंद झाला होता अण्णा! आयतीच गोष्ट सापडली. घरी येऊन मी कणीक मळता मळता सुरू झाले. "बघा, त्या माणसाने केलं की नाही? पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेत. तुम्हाला अक्षरांची एवढी जाण, महिन्याभरात शिकाल." तुम्ही गवार मोडत होतात, मोडता मोडता थांबलात. "तो पंचविशीचा असेल," तुम्ही म्हणालात. "आणि मैदान तेच होतं त्याचं. माझं मैदानच मोडीत काढलं. मला धडे देऊ नकोस." मला रडू आलं. ते तुम्ही पाहिलंत, पण शब्द मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने नुसतं म्हणालात, "हात गेल्यावर त्याला काय वाटलं, हे विचारलंस का त्या आजोबांना? नुसतं पुढचं विचारलंस."

खरंच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारायला लावलंत. आजोबांनी ते कार्ड हातात घेतलं. मग म्हणाले की तरुणपणी ते मैदानावर लवकर जाऊन बसायचे. सामन्याआधी गोलंदाजांचा सराव चालू असताना हा माणूस बॅट खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ उभा राहायचा. बोलायचा नाही, कुणाला काही दाखवायचा नाही, बघत राहायचा. एवढ्या वर्षांत एकदाही चुकला नाही. मी हे मराठीत सांगितलं. "असणारच," तुम्ही म्हणालात.

पानं पिकायच्या आधी तुम्ही परत गेलात. मी थांबा म्हटलं, तुम्ही नाही म्हटलंत. त्यानंतर काही वर्षं होतात तुम्ही. फोनवर मी विचारायचे, जेवलात का, औषध घेतलंत का. दिवस कसा घालवता हे विचारायची हिंमतच झाली नाही. तुम्ही गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अगं, रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. छापखान्याच्या समोर चहाची टपरी आहे ना, तिथे बसायचे. आतून कामाची मुलं बाहेर आली की दोन शब्द बोलायचे आणि घरी यायचे." मी तेव्हा ढसाढसा रडले. किती एकटे पडला असाल, हेच डोक्यात. त्या रडण्याला इतकी वर्षं मी चिकटून राहिले.

अण्णा, परवा सकाळी मीही तयार झाले. लेकीला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चालले आहे. रोजची ट्रेन पकडली, रोजच्यासारखी चेंगरत गेले आणि ऑफिसच्या स्टेशनवर उतरले. इमारतीसमोरच्या कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफी घेऊन काचेपाशी उभी राहिले. माणसं आत जात होती. माझ्या विभागातली एक मुलगी फाइल उराशी धरून धावत गेली, तिला नेहमीच उशीर होतो. मी कुणाला हाक मारली नाही. वाटलं होतं, आता रडू येईल. ते आलं नाही. उलट घरी आल्यावर कडकडून भूक लागली, किती दिवसांनी.

हे मी लेकीला वाचायला देणार नाही, ती घाबरेल. उद्याही तिथे जाऊन उभी राहणार आहे.